बाणाची मालकीण

१

दुपटी धुणं हुआनाला आवडायचं असं नाही, पण दिवसभरातल्या कामांत शेवट दिसणारं तेवढं एकच काम होतं. अकरा दुपटी, एक बादली, साबणाची झिजलेली वडी. वाळत घातली की संपलं. बाकीचं सगळं, म्हणजे पाजणं, ढेकर काढणं, झोपवणं आणि पुन्हा पाजणं, हे वाळूत खणलेल्या खड्ड्यासारखं. जितकं उपसावं तितकं आत येतं.

त्या पहाटे हत्तींनी नळ पुन्हा मोडून ठेवला होता. मोडक्या तोटीतून पाणी भळभळत होतं आणि त्याखाली बादली लावून ती उकिडवी बसली होती. चार महिन्यांची कूशे घरात झोपली होती. सातवं दुपटं पिळत असताना सासू आली आणि काही न बोलता तिनं बादली पायानं आडवी केली.

"आई, हे काय?"

"बस झालं धुणं. जा, सावलीत जाऊन बस."

"चार राहिलीत अजून."

"राहू देत. माझं मूत काही पळून जात नाही."

सासूचं नावही कूशे. नातीला आजीचंच नाव ठेवलं होतं, आणि त्या वस्तीत एका नावाची दोन माणसं म्हणजे एकच माणूस. म्हणून म्हातारी नातीबद्दल बोलताना सरळ 'मी' म्हणायची. मी रात्री रडले का, मला दात कधी येणार. हुआना त्याच लोकांतली, तिला त्यात नवल नव्हतं. फक्त 'मी अशी सुकले, म्हणजे आईच्या अंगावर दूध नाही' हे दुसऱ्यांदा ऐकताना कानशिलं तापायची.

"काल देबे कसा चालत आला, बघितलंस?" सासूनं आपल्या मुलाबद्दल विचारलं.

"पायात काटा मोडला म्हणाला."

"आणि काही दिसलं नाही म्हणाला. आणि आपल्याला शिकार जमतच नाही म्हणाला. शाळेत शिकवतेस ना तू? मग एवढी बेरीज कर."

हुआनाचे हात थांबले. शिकारी असं बोलत आला, दूरच्या झाडाखाली एकटा बसला आणि जेवला नाही, म्हणजे बाण लागला आहे. हे पोरांनाही कळतं. तिला मात्र कळलं नव्हतं. काल संध्याकाळी ती सरपणासाठी गेली होती, परत आली तर कूशे गाढ झोपलेली, आणि एवढं अवचित सुख मिळाल्यावर नवऱ्याच्या चालीकडे कोण बघतं.

"बाण कोणाचा होता?" म्हातारी म्हणाली.

बाण तिचा होता. कूशे झाली तेव्हा हुआनाला तिच्या बापानं तीन बाण दिले होते, बोरूच्या काडीवर लाल दोरा गुंडाळलेले. बाईनं बाण बाळगावा, नवऱ्याला वापरायला द्यावा, यात वावगं काही नाही. पण ज्याचा बाण त्याचं जनावर. मांस वाटायचा मान त्याचा, आणि जनावर पडेपर्यंतचा जाचही त्याचा.

"तुझा बाण त्या जनावराच्या अंगात आहे," सासू म्हणाली. "विष सावकाश चढतंय. मारणारा बसलाय तसं मालकिणीनंही बसायचं. धावपळ नाही, भांडण नाही, पोटभर खाणं नाही. तू शांत बसलीस तर ते शांत पडेल. तू नाचलीस तर ते उठेल, आणि मग त्याला ना मरण ना जगणं. कोणी तुझ्यासाठी मरतंय, पोरी. तेवढं बसता येत नाही?"

"येतं की," हुआना म्हणाली, आणि ओल्या दुपट्यांचा बोळा उचलून तरातरा घराकडे निघाली. चार पावलांवर तिच्या ध्यानात आलं की तरातरा चालायचंही नाही.

२

कूशे अजून झोपलेलीच होती.

घर काटक्यांचं आणि गवताचं. मागची भिंत जिथं जमिनीला टेकते तिथं गवत विरळ झालं होतं. देबे दोन महिने ते नीट करणार होता. पोरीला त्याच बाजूला निजवायचं, कारण वारा तिथून यायचा.

हुआनानं वही काढली. त्सुमक्वे गावच्या दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं, घाबरट आयांनी दर पाजण्याची वेळ लिहून ठेवावी, म्हणजे बरं वाटतं. हुआनाला बरं कधीच वाटलं नव्हतं, पण वही टापटीप होती. शेवटची नोंद काल दुपार टळल्याची. त्यानंतर कोरं पान. दर दोन तासांनी किंचाळणारी पोर काल संध्याकाळपासून एकदाही उठली नव्हती, आणि हुआनाला ते रात्रभर सुख वाटलं होतं.

तिनं पोरीच्या छातीवर हात ठेवला. श्वास छान चालला होता. पोट टरटरीत. ओठाच्या कोपऱ्यात दूध सुकलं होतं, जाडसर, पिवळट. हुआनानं ते बोटानं पुसलं आणि हुंगलं. कडवट वास, उन्हात तापलेल्या गवतासारखा.

तिची स्वतःची छाती दगडासारखी झाली होती. थेंब गळत नव्हता.

"आई, तुम्ही हिला काही पाजलंत का?"

दारातून सासूनं डोकं आत घातलं. "मी मला काय पाजणार? माझी बघ कशी झालीत, वाळली चिंधी."

"मग हिचं पोट कशानं भरलंय?"

"तूच पाजलं असशील. बाळंतिणीचं डोकं दुधाबरोबर वाहून जातं. मी देबेला एकदा झाडाखाली विसरून आले होते."

हे खरं असू शकत होतं. मागल्या आठवड्यात तिनं चहात मीठ घातलं होतं आणि तो पूर्ण पिऊन मग तिच्या लक्षात आलं होतं. झोपेत पाजलं असेल. वहीत लिहिलं नसेल. पण मग छाती रिकामी असायला हवी होती.

पोर जागी झाली. रडली नाही. हुआनानं तिला मांडीवर घेऊन स्तन तोंडाशी नेला. पोरीनं नाक मुरडलं आणि मान मागच्या भिंतीकडे वळवली. पुन्हा नेला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पोरीनं दोन्ही हातांनी आईला दूर ढकललं, परक्या बाईला ढकलावं तसं.

"बस शांत," सासू म्हणाली. "हाताला कापरं सुटलंय तुझ्या. तिकडं ते धडपडत असेल."

"तिकडं काय चाललंय त्याचा आणि माझ्या हाताचा काय संबंध, आई? विष रक्तात भिनतं. अळी चिरडून बाणाला लावलेलं विष आहे ते. मी बसले काय आणि नाचले काय, रक्ताला कळतं का?"

"नाही कळत," म्हातारी म्हणाली. "कळायचं आपल्याला असतं."

३

देबेचा मामा नाइशी उजाडतानाच माग काढायला गेला होता. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला होता: "भाच्यानं उंदीर मारला असेल. शेपटी धरून आणतो, चूल पेटवू नका उगाच." शिकाऱ्याला गर्व चढू नये म्हणून असं बोलायचंच असतं. मांस आलं तरी म्हणायचं, एवढ्या हाडांसाठी चालवलंस का आम्हाला.

आता सूर्य डोक्यावर होता. हुआना दारात बसून होती. दुपटी बोळा होऊन पडली होती आणि आंबायला लागली होती. ती उठून पसरता आली असती, पाच मिनिटांचं काम. समोर दूरच्या झाडाखाली देबे पाय लांब करून बसला होता. त्यानं सकाळपासून तिच्याकडे बघितलं नव्हतं. पोर मांडीवर जागी, हसरी, आणि दूध नको म्हणत होती. त्सुमक्वेला जाणारी गाडी उद्या सकाळी. फोनला रेंज मिळायची तर वारुळावर चढून उभं राहावं लागायचं, आणि चढायला बंदी. तिला वाटलं, आपण ओरडलो तर निदान एखादं तरी काम होईल. पण ओरडायलाही बंदी.

तेवढ्यात घरामागे आवाज झाला.

बारीक, नाकातला, तुटका. मेंऽ असा नाही. एखादं मूल रडायला शिकत असावं तसा. आणि तो ऐकताक्षणी हुआनाची छाती सुटली. दोन्ही बाजूंनी दूध धारांनी आलं, पोलकं भिजलं, पोटावरून ओघळ खाली आले. सकाळी तीनदा पोरीच्या तोंडाशी नेलं, तेव्हा एक थेंब नाही.

ती तशीच बसून राहिली. मग स्वतःशी हिशेबानं बोलायला लागली, वर्गात बोलते तशी. धनेशाचं पिल्लू असेल. नर्स म्हणाली होती, कोणाचंही मूल रडलं तरी दूध येतं. बाजारात दुसरीची पोर रडली आणि माझं पोलकं भिजलं, असं तिनंच हसत सांगितलं होतं. शरीराला अक्कल नसते. ठीक.

आवाज पुन्हा आला. पुन्हा धार.

"आई," तिनं हलक्या आवाजात हाक मारली. "मागं काय आहे बघता का?"

सासू घराला वळसा घालून गेली. बराच वेळ आली नाही. हुआनानं मागच्या भिंतीच्या फटीतून बघितलं. म्हातारीचे दोन पाय दिसले. एका पायानं ती वाळू पुसत होती, डावीकडून उजवीकडे, हळू, चूल सारवावी तशी.

"काय होतं?"

"शेळी."

"आपल्या वस्तीत शेळी नाही."

"मग शेळी नसेल," म्हातारी म्हणाली, आणि आत येऊन नातीच्या कपाळावर हात ठेवून बसली. बादली आडवी केली तेव्हापासूनचा तिचा तोरा कुठं गेला होता कोण जाणे. "मला भूक नाही वाटत," ती म्हणाली. "मी छान प्यायले आहे."

ते ती नातीबद्दल बोलत होती. दुसरं कशाबद्दल बोलणार. तरी हुआनानं पोरीला तिच्या हाताखालून उचलून घेतलं.

४

ती देबेकडे गेली तेव्हा तिनं कसलीच पर्वा केली नाही. पोर कडेवर, पोलकं ओलं, पावलं धडाधडा. मालकिणीनं मारणाऱ्याशी बोलायचं नसतं. नसेल.

"काय होतं ते?"

देबे वाळूकडे बघत होता. "नाव घेऊ नये."

"नाव नको घेऊ. लांब शिंगांचं?"

त्यानं मान डोलावली. सांबराएवढं, भाल्यासारख्या सरळ शिंगांचं जनावर. हुआनाला क्षणभर, नको असताना, अभिमान वाटला. वस्तीभर पुरलं असतं.

"नर की मादी?"

"शिंगं दोघांनाही असतात."

"देबे, हे मी पहिलीला शिकवते. तुला काय दिसलं ते विचारतेय."

तो अंगठा वाळूत घालून बसला. मग म्हणाला, "कास दिसली."

"बाण सोडायच्या आधी, की नंतर?"

त्यानं उत्तर द्यायला एवढा वेळ घेतला की उत्तराची गरज उरली नाही.

पाजणारी मारू नये. यात शिकवण्यासारखं काही नाही. विस्तवात हात घालू नये तसं हे त्या लोकांत चालायच्या आधी कळतं. देबेच्या बापाच्या पाठीची हाडं दिसायची अशा उपासमारीच्या वर्षीही त्यानं कास असलेली सोडून दिली होती, ही गोष्ट देबेनंच तिला लग्नाआधी सांगितली होती, आणि ती ऐकूनच तर ती भुलली होती.

"का?" ती म्हणाली.

"तू म्हणालीस ना."

"मी काय म्हणाले?"

"शिकाऱ्याच्या घरात रोज दुकानातली मॅकरोनीच शिजायची असेल तर हे बाण भिंतीला टांगू, शोभा तरी येईल. सगळ्यांसमोर म्हणालीस. मामा एवढा हसला की त्याच्या नाकातून चहा आला."

म्हणाली होती. एवढंच नव्हे, आपण किती चटकदार बोललो म्हणून दोन दिवस मनातल्या मनात ते घोळवलंही होतं.

"ती थट्टा होती."

"माहीत आहे मला. मी तुझ्यावर ढकलत नाही. धनुष्याची दोरी ओढली होती आणि ती समोर आडवी उभी होती. दोरी सैल सोडता आली असती. हातात होतं माझ्या." तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलत होता. "बाण लागला तरी पळाली नाही, हुआना. मान मागं वळवून गवतात बघत होती."

"पिल्लू होतं?"

"मी बघायला गेलो नाही."

पोर कडेवर हसली, आणि तिनं घराकडे हात पसरले.

"चल, उठ," हुआना म्हणाली. "जाऊन शोध तिला. निदान पिल्लू तरी आण."

"उठवत नाही." त्यानं लांब केलेल्या पायावर काठी मारली, जोरात. पायाचं बोटसुद्धा हललं नाही. "बधिरपण मांडीपर्यंत आलंय. सकाळी घोट्यापर्यंत होतं."

"काटा मोडला असेल खरंच. विषारी असतो कधी."

"असतो," देबे म्हणाला. नवरा-बायको थोडा वेळ त्या काट्यावर विश्वास ठेवून बघत राहिले.

५

नाइशीमामा दुपार उतरताना परत आला. एकटा, हातात भाला, खांद्यावर काही नाही.

त्यानं उंदराची गोष्ट काढली नाही. हाडांची काढली नाही. हुआना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आता बोलेल काहीतरी खवचट. तो बोलला नाही. नाइशीमामा स्वतःच्या बायकोला पुरल्यावरही संध्याकाळी कबरीच्या लांबीवरून विनोद करत बसला होता.

"सांग मामा," सासू म्हणाली. ती त्याची बहीण, पण सगळ्या वस्तीसारखी तीही त्याला मामाच म्हणायची.

"बाण लागला तिथून निघाली ती सरळ तळ्याच्या खोलगट जागेकडे गेली. विष लागलेलं तिकडंच जातं. लाल दोऱ्याची काडी वाटेत गळून पडली, ही बघ." त्यानं काडी हुआनाच्या हातात दिली. "टोक आतच आहे. मग तिथं थांबली. आणि वळली."

"कुठं?"

नाइशीनं भाल्यानं दाखवलं नाही. नुसती हनुवटी हलवली. घराकडे.

"विष चढलेलं जनावर माणसांकडे येत नाही," हुआना म्हणाली.

"चाळीस वर्षं मीही तेच सांगतोय, पोरी. काल दिवस बुडताना आली. तुझ्या घरामागच्या झुडपात बसली, गवत दबलंय. आज पहाटे पुन्हा आली. मधल्या वेळात दूर जाऊन उभी राहते. बरोबर एक लहान आहे, पण ते तिच्या जवळ बसलेलं नाही. ते भिंतीशी बसलेलं आहे."

हुआनानं सासूकडे पाहिलं. म्हातारी आपल्या पायाकडे बघत होती.

"रक्त?"

"रक्त नाही कुठं." नाइशीनं कपाळ पुसलं. "दूध सांडलंय. भिंतीपाशी, फट आहे तिथं."

माशा दुपट्यांच्या बोळ्यावर घोंगावत होत्या.

काल संध्याकाळी आपण सरपणाला गेलो होतो. आज पहाटे नळावर. हुआना मनात वेळा जुळवत होती आणि त्या जुळत होत्या, वही टापटीप भरावी तशा.

"त्या लांब शिंगांच्या आया दिवसातून दोनदाच पाजतात," नाइशी म्हणाला. "बाकी वेळ पिल्लू गवतात दडवून ठेवतात. आता तिची वेळ झाली. ती मेली पाहिजे होती कालच. एवढं विष घेऊन कोणी चालत नाही. तिला मरू दिलं जात नाहीये."

"मी बसले नाही म्हणून?" हुआना म्हणाली. "मी धुणं केलं, भांडले, देबेकडे धावत गेले म्हणून? मला कोणी आधी सांगितलं असतं तर? आज सकाळपर्यंत एका माणसानं तोंड उघडलं नाही. काटा म्हणे. काटा मोडला म्हणे." तिचा आवाज चढला. तिनं तो उतरवला नाही. "आणि बसले असते तर? ती शांत मेली असती आणि पिल्लू उपाशी. छान. मोठा आदर केला असता आपण तिचा."

"हो," म्हातारी म्हणाली. "म्हणूनच पाजणारी मारत नाहीत. मारल्यावर बरोबर असं काही उरतच नाही."

नाइशीनं भाला दोन्ही हातांनी वाळूत रोवला. "मी झुडपाजवळ थांबतो. आली की एका घावात सोडवतो तिला. दुखणार नाही. पण जनावर तुझं आहे. तू सांगितल्याशिवाय हात लावता येत नाही."

"आणि मग ही पिईल माझं?" हुआनानं पोरीला छातीशी धरलं. पोरीनं तोंड फिरवलं.

नाइशी आणि सासूनं एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यभर सगळ्या प्रश्नांना उत्तर असलेली दोन माणसं.

"ते मला माहीत नाही," नाइशी म्हणाला.

"आणि तिला सोडून दिलं तर?"

"ते तर त्याहून माहीत नाही."

६

ऊन तिरकं झालं आणि घरात भिंतीच्या फटींतून उजेडाच्या काड्या पडल्या.

हुआनानं पोरीला मागच्या भिंतीशी निजवलं नाही. घराच्या मधोमध मांडी घालून बसली, दाराकडे तोंड, भिंतीकडे पाठ, पोर मांडीवर पदराखाली घट्ट. ठरवलं होतं की सोडायचं नाही. सासू दारात, बाहेर तोंड करून. नाइशी कुठं आहे ते दिसत नव्हतं. देबे झाडाखाली आडवा झाला होता.

आता शांत बसायचं, तिनं स्वतःला सांगितलं. दिवसभर जमलं नाही ते आता. तिला वाटलं, मुलांना आपण केवढं सहज सांगतो, हाताची घडी, तोंडावर बोट.

आधी वास आला. तापलेल्या गवताचा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, कुजायला लागलेलं. मग खूर. जड पाऊल, मग ओढलेलं पाऊल, मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा जड, आणि ओढलेलं. भिंतीपलीकडे श्वास थांबला. मोठा श्वास, आत घेताना चिरकणारा. भिंतीच्या गवतातून उजेडाच्या काड्या येत होत्या, त्यांतल्या अर्ध्या एकदम विझल्या.

गवताला काहीतरी कठीण आणि लांब घासत गेलं, वरपासून खालपर्यंत.

हुआना हलली नाही. मागं बघितलं नाही.

मांडीवरची पोर पदराखाली चुळबुळली आणि तिनं स्तन तोंडात घेतला. हुआनाच्या डोळ्यांत पाणीच आलं. पकड घट्ट होती, भुकेली, ओढ अशी की पाठीपर्यंत कळ गेली. पी, ती मनात म्हणाली. पी, माझी बाय. दूध सुटलं. पोर गटागट पीत होती, आणि मध्येच तिनं डोक्यानं छातीला धडक दिली, खालून वर, जोरात. पुन्हा एक. चार महिन्यांच्या पोरी अशा धडका देतात का, हे नर्सला विचारायला हवं.

तेव्हा तिला दुसरा आवाज ऐकू आला. पाठीमागून, भिंतीच्या बुडाशी, जिथं फट होती. कोणीतरी पीत होतं. घोट, मग नाकातून छोटा श्वास, मग घोट. हा आवाज तिला माहीत होता. चार महिने रात्रंदिवस दर दोन तासांनी तिनं तो ऐकला होता, आणि अंधारात, शंभर मुलांत, तिनं तो ओळखला असता.

तिनं मांडीकडे बघितलं. पदर वर-खाली होत होता. पदराखालून एक पाय बाहेर आला होता, उजेडाच्या काडीत, बारीक, ओला, वाळू लागलेला. तिनं तो फार वेळ बघितला नाही. पदर ओढून झाकला.

पाठीमागे घोट. पुढं घोट.

"हुआना." भिंतीपलीकडून, थोडं दुरून, नाइशीमामाचा आवाज आला. दबका. त्याच्या आवाजात कधी नव्हती ती विनवणी होती. "समोर आहे माझ्या. गुडघे टेकलेत तिनं. मला जास्त वेळ बघवत नाही. सांग, पोरी. मारू का?"

दारातली सासू वळली नाही, पण तिचे खांदे ताठ झाले.

हुआनानं तोंड उघडलं. हो म्हणावं, तर मागचा घोट थांबेल. नाही म्हणावं, तर त्या चिरकणाऱ्या श्वासाला शेवट नाही. मांडीवरच्यानं धडक दिली. तिचा हात आपोआप त्याच्या पाठीवरून फिरला, ढेकर यावा म्हणून फिरतो तसा, आणि हाताला लव लागली, मऊ, दाट. हात थांबला नाही.

"थांबा मामा," ती म्हणाली. "पिऊन होऊ दे."